एस्टिमेटवर सही करण्याआधी एक प्रश्न विचारा: नक्की काय खराब झालंय?



आमच्या मागच्या बॅचमध्ये एक ताई होत्या. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, दोन बायका मदतीला, आणि डिलिव्हरीसाठी घरचीच जुनी वॅगनआर. एक दिवस क्लास संपल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, गाडीचा साइड मिरर कुणीतरी ठोकून गेलं. वर्कशॉपवाल्यांनी ३,१०० रुपये सांगितलेत. हा खर्च कुठल्या खात्यात लिहू?"

मी म्हटलं, खात्याचं नंतर बघू, आधी आरसा दाखवा. बाहेर जाऊन बघितलं तर मिररचं वरचं कव्हर शाबूत, आतली जोडणी शाबूत, हाताने हलवला तर नीट फिरतोय. फुटली होती फक्त काच. ती काच प्लास्टिकच्या पाठीसकट वेगळी मिळते. त्यांना ती २८० रुपयांना मिळाली आणि दहा मिनिटांत बसली.

वाचले २,८२० रुपये. आता हे मसाल्याच्या भाषेत सांगतो. त्यांना एक किलो मसाल्यामागे सगळा खर्च जाऊन ६० रुपये सुटतात. म्हणजे २,८२० रुपये कमवायला त्यांना ४७ किलो मसाला कुटून, पॅक करून, विकावा लागला असता. विक्री वाढवायला आपण रात्रंदिवस धडपडतो, आणि तितकाच नफा एका एस्टिमेटवर सही करून घालवतो. म्हणून आज हा विषय.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. गाडी दुरुस्तीत पैसे वाचतात ते स्वस्त पार्ट घेतल्याने नाही, तर नेमका बिघडलेला पार्ट ओळखून तेवढाच बदलल्याने. हा फरक मला समजायला वेळ लागला, आणि त्याची फी मी चांगलीच भरली आहे. ती गोष्टही खाली सांगतो.

अख्खी असेंब्ली का माथी मारली जाते?

लगेच "सगळे लुटारू आहेत" असं म्हणू नका. आपण धंदा करणारी माणसं आहोत, समोरच्याचा धंदाही समजून घेऊया.

मोठ्या वर्कशॉपमध्ये कामाचा हिशोब वेळेवर असतो. अल्टरनेटर खोलून आतला एक छोटा पार्ट बदलायला दोन तास लागतात, अख्खा अल्टरनेटर बदलायला त्याहून कमी. शिवाय नवीन असेंब्ली बसवली की तक्रार परत येण्याची शक्यता कमी, आणि आलीच तर कंपनीची वॉरंटी आहे. कधीकधी कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आतला पार्ट सुटा दिलेलाच नसतो. त्यामुळे काउंटरवरचा माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या स्क्रीनवर तेच दिसतं.

पण दुसरी बाजूही आहे. सुटे पार्ट बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू न देणं हा प्रकार आपल्याकडे इतका वाढला होता की भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे त्यावर अपिलं झाली, तो भाग वेगळा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहन क्षेत्र आहे. म्हणजे "सुटा पार्ट द्या" म्हणणं ही कंजुषी नाही. तो तुमचा साधा ग्राहक म्हणून हक्क आहे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. गाडीची कंपनी गाडीतला प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. शॉकअप एकाचे, क्लच दुसऱ्याचा, लाइट तिसऱ्याचे. आपल्या चाकण, पिंपरी-चिंचवड, नाशिक पट्ट्यात असे पार्ट बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. तोच निर्माता बऱ्याचदा तोच पार्ट स्वतःच्या नावाच्या डब्यात बाजारात विकतो. गाडी कंपनीच्या डब्यापेक्षा तो अनेकदा स्वस्त पडतो.

माझी जिंकलेली बाजी: अल्टरनेटर

माझं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान आहे. मिठाईचे बॉक्स, केकचे बॉक्स, कोरुगेटेड खोके, टेप. माल पोचवायला एक कार्गो व्हॅन आहे. एक दिवस डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि विझेचना. वर्कशॉपने सांगितलं, अल्टरनेटर गेला, नवीन टाकावा लागेल, पार्ट आणि लेबर धरून ११,४०० रुपये.

मी गाडी तशीच एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. जुने जाणते, अजूनही अल्टरनेटरला डायनॅमोच म्हणतात. त्यांनी आधी पट्टा बघितला, बॅटरीच्या टर्मिनलवरची घाण साफ केली, मग इंजिन चालू ठेवून मीटर लावला. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. आमच्याकडे बाराच्या आसपास. म्हणजे चार्जिंग होत नव्हतं हे खरं.

मग त्यांनी अल्टरनेटर उतरवून खोलला. आतले कार्बन ब्रश झिजून संपले होते, रेग्युलेटर गेला होता, बेअरिंग आवाज करत होतं. वाइंडिंग मात्र ठणठणीत. बिल असं झालं:

ब्रश आणि रेग्युलेटर: ८५० रुपये
दोन बेअरिंग: ४२० रुपये
मजुरी: ७०० रुपये
एकूण: १,९७० रुपये

वाचले ९,४३० रुपये. दोन वर्षं झाली, अजून काही तक्रार नाही. मला इतका आनंद झाला की दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगत सुटलो. आणि इथेच माझी गाडी घसरली.

माझी हरलेली बाजी: ३५० रुपयांचं बेअरिंग

काही महिन्यांनी क्लच दाबला की घरघर आवाज यायला लागला. आमचे नेहमीचे गॅरेजवाले मामा म्हणाले, "रिलीज बेअरिंग आहे. पण गिअरबॉक्स उतरवणारच आहे, तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळा सेट टाकून घ्या. ४,२०० चा सेट, २,००० माझी मजुरी."

आता मी तर शहाणा झालो होतो! मी म्हटलं, "मामा, आवाज बेअरिंगचा आहे ना? मग फक्त बेअरिंग बदला. आणि ते मीच आणतो." एका दुकानातून बिनानावाच्या पांढऱ्या डबीतलं बेअरिंग ३५० रुपयांना आणलं. मामांनी डबी उलटीपालटी करून बघितली, काही बोलले नाहीत. मजुरी २,००० झालीच. एकूण २,३५०. मी मनातल्या मनात ३,८५० रुपये वाचवले.

पाच आठवडे. बरोबर पाच आठवड्यांनी, धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी, गाडीत मिठाईचे ४,००० बॉक्स भरलेले असताना चढावर गिअर पडेना. बेअरिंग तुटलं होतं आणि जाताना प्रेशर प्लेटही खराब करून गेलं होतं.

पुन्हा गिअरबॉक्स उतरवला. सेट ४,२००, मजुरी २,०००. दिवाळीची गर्दी, गाडी तीन दिवस गॅरेजमध्ये. तीन दिवस भाड्याचा टेम्पो, रोजचे १,४०० प्रमाणे ४,२००. आधीचे २,३५० धरले तर एकूण १२,७५० रुपये. मामांचं पहिल्यांदाच ऐकलं असतं तर ६,२०० मध्ये काम झालं असतं.

तोटा ६,५५० रुपये. म्हणजे अल्टरनेटरमध्ये वाचवलेले बहुतेक पैसे एका ३५० रुपयांच्या बेअरिंगने खाल्ले. आणि ज्या मिठाईवाल्यांचे बॉक्स उशिरा पोचले, त्यांनी पुढच्या वर्षी ऑर्डर दुसरीकडे दिली. तो आकडा मी वहीत लिहिलेलाच नाही, कारण तो लिहायची हिंमत होत नाही.

मग नियम काय?

दोन्ही वेळा मी सुटा पार्टच बदलला होता. मग एकदा जिंकलो आणि एकदा हरलो, असं का? विचार केल्यावर तीन प्रश्न सापडले. आता कुठल्याही दुरुस्तीआधी मी हे तीन प्रश्न कागदावर लिहितो.

पहिला: नक्की काय खराब झालंय, आणि ते कसं कळलं? "अल्टरनेटर गेला" हे उत्तर नाही. "ब्रश झिजलेत, हे बघा" हे उत्तर आहे. मीटर लावून, खोलून, हाताने हलवून दाखवलं पाहिजे. तपासायचे २००-३०० रुपये लागले तर आनंदाने द्या. चुकीचं निदान झालं तर स्वस्तात स्वस्त पार्टसुद्धा महाग.

दुसरा: त्या पार्टपर्यंत पोचायला मजुरी किती? मिररची काच, दरवाज्याचं हँडल, पॉवर विंडोचा स्विच, एअर फिल्टर, एसीचा फिल्टर, वायपरचं रबर, रेडिएटरचं झाकण, हे सगळं हाताशी असतं. चुकलं तरी परत बदलता येतं. इथे बिनधास्त सुटं घ्या. पण जिथे पार्ट ५०० चा आणि तिथवर पोचायला २,००० ची मजुरी, तिथे हिशोब उलटा होतो. एकदा उघडलंच आहे तर शेजारचे झिजलेले पार्टही बदला आणि चांगल्या प्रतीचे टाका. क्लच, टायमिंग बेल्ट ही अशी कामं आहेत.

तिसरा: गाडी एक दिवस उभी राहिली तर माझं किती जातं? हा प्रश्न नोकरी करणाऱ्याला नाही, आपल्याला आहे. माझा आकडा रोजचे १,४०० रुपये. पार्ट पुण्याहून यायला दोन दिवस लागणार आणि वाचणार ६०० रुपये, तर मी गावातूनच महाग घेतो. तुमचा आकडा आजच काढा. भाड्याची गाडी केली तर किती, नाही केली तर किती ऑर्डर जातील. हा आकडा माहीत नसेल तर बचत झाली की तोटा हे कधीच कळणार नाही.

सुटा पार्ट आणायचा कसा

१. आरसी बुक जवळ ठेवा. त्यावर १७ अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक पार्ट बदलतात. "वॅगनआरचा द्या" असं सांगून आणलेला पार्ट बसत नाही आणि मग परत करायला दुकानदार तयार होत नाही. अधिकृत पार्टच्या काउंटरवर चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून मिळतो.

२. पार्ट नंबर हातात आला की तीन ठिकाणी भाव विचारा: कंपनीचं काउंटर, गावातलं पार्टचं दुकान, आणि मोठी पेठ. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा भाग. ऑनलाइनही पार्ट नंबर टाकून भाव बघता येतो. माझं नाना पेठेतलं एक दुकान ठरलेलं आहे. सकाळी फोन केला, जुन्या पार्टचा फोटो पाठवला की संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पार्सल येतं.

३. जुना पार्ट सोबत न्या किंवा त्याचा फोटो न्या. आणि काम झाल्यावर जुना पार्ट मागून घ्या. नक्की बदलला का हे कळतं, आणि काय झिजलं होतं हे तुम्ही शिकता.

४. डबा वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तयार केल्याचा महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक सेवेचा नंबर नसेल तर घेऊ नका. माझ्या त्या पांढऱ्या डबीवर यातलं काहीच नव्हतं. मामांनी ती उलटीपालटी करून हेच शोधलं असणार.

५. पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे, आधी कारच्या बहुतेक पार्टवर २८ टक्के होता. कुणी अजून जुन्या हिशोबाने भाव सांगत असेल तर विचारा. आणि तुमची गाडी मालवाहू असेल, तुम्ही नियमित जीएसटीत असाल, तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या, इनपुट क्रेडिट मिळू शकतं. साधी पाच सीटर कार असेल तर ते सहसा मिळत नाही आणि कंपोझिशन स्कीममध्ये तर नाहीच. तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या.

इथे मात्र पैसे वाचवू नका

ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सीट बेल्ट, एअरबॅग. याबाबत माझं मत ठाम आहे. ब्रेकचे पॅड तुम्ही स्वतः आणा, हरकत नाही, पण ओरिजिनल किंवा नावाजलेल्या निर्मात्याचेच, बिलासकट. जुन्या बाजारातून बंपर घ्या, दरवाजा घ्या, सीट घ्या. ब्रेक आणि स्टिअरिंगचा जुना पार्ट घेऊ नका. आणि जुना माल घेतानाही बिल मागा. चोरीच्या गाडीचा पार्ट जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे. गाडीत तुमचा माल असतो तसा तुमचा मुलगाही बसतो, डिलिव्हरीचा पोऱ्याही बसतो.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काहीही खोलण्याआधी वॉरंटीची पुस्तिका वाचा. जे फुकट होऊ शकतं त्याला खिशातून पैसे घालू नका.

आणि मेकॅनिकचं काय?

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

लहान गॅरेजवाला मजुरी कमी सांगतो आणि पार्टमध्ये थोडं कमावतो. वर्षानुवर्षं हीच पद्धत आहे. तुम्ही पार्ट बाहेरून आणलात की त्याची ती कमाई गेली. वर तुमच्या पार्टमुळे काम बिघडलं तर नाव त्याचंच खराब होणार.

मला हे कधी समजलं सांगू? माझ्या दुकानात एक बाई यायच्या. केकच्या बॉक्सचा कुठला साइज, किती जाडी, आत बोर्ड कुठला, अर्धा तास सगळं विचारून घेतलं, आणि माल ऑनलाइन मागवला. नंतर बॉक्स दुमडता येईना म्हणून तेच बॉक्स घेऊन माझ्याकडे शिकायला आल्या. मी शिकवलं, पण माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत आहे. क्लचच्या वेळी मामांच्या चेहऱ्यावर मी तेच बघितलं होतं.

दिवाळी झाल्यावर मी मामांकडे गेलो आणि सरळ बोललो. "मामा, पार्ट काही वेळा मी आणीन. पण तुमचं नुकसान नको. मजुरी तुम्हाला परवडेल ती सांगा, मी घासाघीस करणार नाही. आणि पार्ट आणण्याआधी तुम्हाला विचारीन." मामा हसले. म्हणाले, "पहिलं विचारलं असतं तर सांगितलं असतं ना, ते बेअरिंग टिकायचं नाही म्हणून. तुम्ही ठरवूनच आला होता."

आता आमचा व्यवहार असा: निदान मामांचं, त्याचे वेगळे पैसे. कुठला पार्ट सुटा घ्यायचा, कुठला सेट, हे दोघं मिळून ठरवतो. मजुरी पूर्वीपेक्षा जवळपास दीडपट देतो, आणि तरीही माझा वर्षाचा दुरुस्तीचा खर्च कमी झालाय. कारण मामा आता अख्खी असेंब्ली सुचवत नाहीत. त्यांना त्याची गरजच उरली नाही.

मित्रांनो, ज्याच्या ज्ञानाचे पैसे तुम्ही देत नाही, तो ते पैसे दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने वसूल करणारच. तुमच्या दुकानात तुम्ही तेच करता, मीही करतो. म्हणून पार्टमध्ये वाचवा, माणसात नको.

या आठवड्याचं काम

एक साधी वही करा, गाडीच्या नावाची. पहिल्या पानावर चेसिस नंबर आणि "गाडी एक दिवस उभी = इतके रुपये" हा आकडा. पुढे प्रत्येक दुरुस्तीला एक ओळ: तारीख, किलोमीटर, काय खराब झालं, कुठला पार्ट, कुठून, किती, मजुरी किती. सहा महिन्यांनी ती वही उघडा. पैसे कुठे गळतायत हे तीच सांगेल. हीच वही उद्या दुकानातल्या फ्रीजसाठी, वजनकाट्यासाठी, प्रिंटरसाठीही चालते.

त्या मसालेवाल्या ताईंनी वही सुरू केली आहे. पहिली ओळ: मिररची काच, २८० रुपये. आणि पुढे त्यांनी स्वतःहून कंसात लिहिलंय, (४७ किलो).

तुमच्या गाडीत कुठला पार्ट सुटा घेऊन वाचले, आणि कुठे फसलात? दोन्ही कमेंटमध्ये लिहा. फसलेलं आधी लिहा, त्यातूनच बाकीच्यांना जास्त शिकायला मिळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.